कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, समाजसुधारक आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. ग्रामीण भागातील गरीब, शेतकरी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलांना शाळेत आणणे आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना टिकवून धरणे, या कामाला त्यांनी आयुष्याची सुमारे चार दशके वाहिली. जनतेने त्यांना कर्मवीर ही उपाधी दिली. वसतिगृहातील मुले त्यांना अण्णा म्हणत.

भाऊरावांच्या कार्याचे वैशिष्ट्य त्यातील सातत्यात आहे. गरीब मुलाची फी भरली की तो शिकतो, एवढ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खेड्यातला मुलगा कोठे अडतो, हे ते पाहत गेले आणि जेथे तो अडला तेथे त्यांनी पुढची पायरी बांधली. प्रथम वसतिगृह, मग शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय, त्यानंतर गावोगावच्या प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि शेवटी महाविद्यालय, अशा क्रमाने ही उभारणी झाली. या जिन्यावरून वर गेलेला विद्यार्थी पुष्कळदा शिक्षक होऊन परत येई आणि मागून येणाऱ्यांना हात देई.

बालपण आणि कुटुंब

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात असलेल्या कुंभोज या गावी झाला. हे त्यांचे आजोळ होते. घराणे दिगंबर जैन शेतकऱ्यांचे. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यामधील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते, आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे प्राथमिक शिक्षण एका ठिकाणी सलग झाले नाही.

लहानपणी त्यांना पुस्तकांपेक्षा पोहणे आणि कुस्ती यांची ओढ अधिक होती. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून संतापाने त्यांनी विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. घरातील शिस्त आणि स्वभावातील बंडखोरी यांचा असा संघर्ष त्यांच्या तरुणपणात पुढेही अनेकदा दिसतो.

कोल्हापुरातील शिक्षण

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी कोल्हापूर हे शिक्षणविषयक प्रयोगांचे केंद्र बनले होते. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करून दिले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांची वसतिगृहे शहरात उभी राहिली. १९०२ मध्ये महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय मिळाली, तरच त्याच्यापर्यंत शिक्षण पोहोचते, हे या वसतिगृहांनी दाखवून दिले.

अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. तेथील समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही काळ त्यांना शाहू महाराजांच्या वाड्यावर आश्रय मिळाला. महाराजांचा सहवास हा त्यांच्या जीवनातील मोठा संस्कार ठरला. जातवार वसतिगृहांची उपयुक्तता त्यांनी येथे पाहिली आणि त्यांची मर्यादाही अनुभवली. पुढे त्यांनी काढलेली वसतिगृहे सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली होती, याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. पुढे महाविद्यालये स्थापन करणाऱ्या या माणसाजवळ कोणतीही पदवी नव्हती.

शिकवण्या, तुरुंगवास आणि व्यवसाय

१९०९ च्या सुमारास भाऊरावांचा विवाह कुंभोजच्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्यानंतर चरितार्थासाठी ते सातारा येथे शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. याच सुमारास दूधगाव येथे काही सहकाऱ्यांसमवेत सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. त्यांच्या पुढील कार्याची ही पूर्वतयारी होती.

शाळेबाहेर बसून शिकावे लागणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य समाजातील मुलाला त्यांनी कोल्हापूरला नेऊन वसतिगृहात ठेवले. घोलप पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मूकनायक या पाक्षिकाच्या संपादनाशी निगडित झाले आणि मुंबई कायदेमंडळात अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नियुक्ती झाली. एका मुलाला योग्य वेळी योग्य ठिकाणी आधार मिळाला तर काय घडू शकते, याचे हे भाऊरावांच्या कार्यातील पहिले ठळक उदाहरण होय.

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आणण्यात आला. लठ्ठे हे जैन समाजातील पुढारी व विद्वान होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. भाऊरावांनी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही.

सुटकेनंतर त्यांनी विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले. ओगले काच कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. लाकडी नांगर सोडून लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी सहजासहजी तयार होत नसत. त्यांच्या अंगणात बसून, त्यांच्याच बोलीत हिशेब समजावून सांगावा लागे. या भटकंतीत सातारा–सांगली परिसरातील खेड्यांची आणि शेतकरी कुटुंबांची स्थिती त्यांना जवळून कळली. सावकाराचा कागद वाचता येत नाही म्हणून जमीन गमावलेला शेतकरी त्यांनी पाहिला. पुढे साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी कष्ट घेतले. मात्र मतभेद झाल्याने ते तेथून बाहेर पडले. व्यवसायात स्थिरावून संपन्न होण्याचा मार्ग त्यांच्यापुढे होता. तो सोडून त्यांनी पूर्णवेळ शिक्षणकार्य पत्करले.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचा भाऊरावांवर खोल प्रभाव होता. बहुजन समाजाच्या दैन्याचे मूळ अविद्येत आहे, हा फुल्यांचा निष्कर्ष त्यांनी स्वीकारला होता. कराड तालुक्यातील काले या गावी भरलेल्या सत्यशोधक मेळाव्याच्या वेळी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे राज्यातील सामान्य प्रजा, विशेषतः जमीन कसणारा शेतकरी. संस्थेच्या नावातच तिचा लाभार्थी कोण आहे, हे स्पष्ट होते.

मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे, त्यांतील गरीब मुलांना शक्य तेवढे मोफत शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांमध्ये परस्परप्रेम वाढविणे, अनिष्ट रूढींना फाटा देऊन त्यांना विकासाचे वळण लावणे आणि काटकसर, स्वावलंबन व कष्टाची सवय अंगी बाणविणे, ही संस्थेची प्रमुख उद्दिष्टे होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. पारंब्या जमिनीत रुजून नवी खोडे होतात आणि मूळ वृक्षाला आधार देतात, हे चित्र संस्थेच्या कार्यपद्धतीशी जुळणारे आहे.

प्रारंभी काले, नेर्ले अशा खेड्यांत लहान वसतिगृहे चालविण्यात आली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य केंद्र सातारा येथे हलविण्यात आले.

श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस

साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊरावांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या कार्याचे ऋण या नावातून व्यक्त झाले. गांधीजींनी या वसतिगृहाविषयी समाधान व्यक्त केले आणि पुढे हरिजन सेवक संघाकडून त्यास आर्थिक साहाय्यही मिळू लागले. धनिणीची बाग या नावाने परिचित असलेला परिसर हे या वसतिगृहाचे ठिकाण झाले.

वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम, ब्राह्मण अशा सर्व समाजांतील मुले एकत्र राहत. स्वयंपाक मुलेच करीत आणि एका पंक्तीला बसून जेवत. त्या काळातील खेड्यांत हे सहभोजन सहज स्वीकारले जाणारे नव्हते. मुलगा बाटेल या भीतीने त्याला पाठविण्यास नकार देणारे पालक होते आणि भाऊरावांना विरोध करणारे गावकरीही होते. भाऊरावांनी या प्रश्नावर तडजोड केली नाही. शिक्षण घ्यायचे तर एका पंक्तीतच, हा वसतिगृहाचा नियम राहिला.

वसतिगृहाचा खर्च भागविणे हे रोजचे संकट होते. त्यासाठी भाऊरावांनी तीन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग लोकवर्गणीचा. सुगीच्या दिवसांत ते गावोगाव जाऊन धान्य मागत. मुष्टिफंड या पद्धतीत घरोघरी दळणाच्या वा स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवले जाई आणि ते गोळा करून वसतिगृहात आणले जाई. रोख रक्कम देऊ न शकणारे कुटुंबही अशा रीतीने शाळेचे देणगीदार बनत असे. दुसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या श्रमाचा. मुले शेतात काम करीत, भाजीपाला पिकवीत, खडी फोडीत, विहिरी खणीत आणि इमारतींच्या बांधकामात राबत. तिसरा मार्ग सरकारी व संस्थानी अनुदानाचा. हे अनुदान मिळविण्यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले, परंतु वसतिगृह केवळ त्यावर अवलंबून राहू नये, याची दक्षता घेतली.

लक्ष्मीबाई पाटील

वसतिगृहाच्या उभारणीत लक्ष्मीबाईंचा वाटा मोठा होता. परंपरागत जैन घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपली मुले मानले. त्यांच्या आजारपणात शुश्रूषा करणे, त्यांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष देणे, ही कामे त्या करीत. वसतिगृहात धान्य संपले, वर्गणी वेळेवर आली नाही, अशा प्रसंगी त्यांनी एकेक करून आपले दागिने विकावयास दिले. शेवटी मुलांना उपाशी ठेवावे लागू नये म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. त्या काळातील सुवासिनीच्या दृष्टीने या त्यागाचा अर्थ केवळ पैशांत मोजता येणारा नव्हता. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेच्या वैभवाचे दिवस त्यांना पाहता आले नाहीत.

संस्थेने लक्ष्मीबाईंच्या नावाने काढलेली शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी हे त्यांचे विशेष अर्थपूर्ण स्मारक आहे. उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना कर्ज देणे हा या पतपेढीचा हेतू होता. विद्यार्थ्याने शिक्षण पूर्ण करून नोकरीस लागल्यावर कर्ज फेडावे आणि त्याच पैशांतून पुढच्या विद्यार्थ्याला मदत व्हावी, अशी ही योजना आहे. एके काळी दागिने मोडून भागविलेली गरज अशा प्रकारे एका कायमच्या व्यवस्थेकडे सोपविण्यात आली.

पुण्यातील युनियन बोर्डिंग हाऊस

सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. या घटनेच्या स्मरणार्थ भाऊरावांनी त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस स्थापन केले. सातारा भागातील ज्या मुलांना पुढील शिक्षणासाठी पुण्यास जावे लागे, त्यांची राहण्याची अडचण शहरात अधिकच तीव्र होती. खोली मिळविताना जात विचारली जाई आणि भाडे परवडत नसे. या वसतिगृहामुळे साताऱ्यात सुरू झालेला आधार पुण्यापर्यंत पोहोचला.

शिक्षक घडविण्याची योजना

वसतिगृहातील मुले शिकू लागली, तरी बहुसंख्य खेड्यांत शाळाच नव्हती. शाळा काढावी तर शिक्षक नव्हता. शहरातील शिक्षक आडवळणाच्या गावी टिकत नसे. या कोंडीवर उपाय म्हणून भाऊरावांनी १९३५ मध्ये सातारा येथे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. हेच विद्यालय पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रयत शिक्षण संस्थेची कायदेशीर नोंदणीही १९३५ मध्ये झाली.

त्या काळी मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाला प्राथमिक शिक्षक होता येई. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने ही पहिली स्थिर पगाराची नोकरी होती. भाऊरावांनी या वस्तुस्थितीचा कुशलतेने उपयोग केला. वसतिगृहात राहून फायनल झालेल्या मुलाने अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे आणि खेड्यात शिक्षक म्हणून जावे, असा मार्ग त्यांनी आखला. विद्यार्थ्याला उपजीविका मिळाली आणि गावाला शिक्षक मिळाला.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर खासगी प्रयत्नांतून चालणाऱ्या प्राथमिक शाळांना सरकारी उत्तेजन मिळू लागले. १९३८ मध्ये भाऊरावांनी साताऱ्याजवळील यवतेश्वर येथे संस्थेची पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू केली. तेथून पुढे डोंगराळ व दुर्गम भागांतील अशा शाळांची संख्या वाढत गेली. बहुतेक शाळा एकशिक्षकी होत्या. देऊळ, चावडी, धर्मशाळा किंवा एखाद्या शेतकऱ्याची पडवी हीच त्यांची इमारत असे. जागा गाव देई, शिक्षकाच्या जेवणाची सोयही अनेकदा गावच करी. अशा ५७८ शाळा संस्थेने चालविल्या. स्वातंत्र्यानंतर त्या शासकीय शिक्षण मंडळाकडे सोपविण्यात आल्या. जी जबाबदारी शासनाने घ्यावी असे भाऊरावांना वाटत होते, ती शासन उचलण्यास तयार झाल्यावर त्यांनी शाळांवरील हक्क राखून ठेवला नाही आणि माध्यमिक शिक्षणाकडे अधिक लक्ष दिले.

कमवा आणि शिका

प्राथमिक शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांपुढे पुढचा अडथळा माध्यमिक शिक्षणाचा होता. हायस्कुले तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असत आणि तेथील फी शेतकऱ्याला पेलवणारी नसे. १९४० मध्ये भाऊरावांनी सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे आदल्याच वर्षी निधन झाले होते. त्यांचे नाव दिलेले हे हायस्कूल मोफत आणि निवासी होते. विद्यार्थ्यांनी श्रम करून आपल्या शिक्षणाचा व निवासाचा खर्च भागवावा, हे त्याचे तत्त्व होते. हीच पद्धत कमवा आणि शिका या नावाने प्रसिद्ध झाली.

या योजनेतील श्रम म्हणजे शिक्षा किंवा उपकाराची परतफेड नव्हे, यावर भाऊरावांचा कटाक्ष असे. विद्यार्थी ठरलेल्या वेळी शेतावर, बागेत, बांधकामावर किंवा भोजनगृहात काम करी आणि त्याचा मोबदला त्याच्या खर्चात जमा होई. दयेचे अन्न खाल्ल्याची बोच विद्यार्थ्याच्या मनात राहू नये, हा त्यामागील विचार होता. शेतकऱ्याचा मुलगा शिकला की त्याला मातीची लाज वाटू लागते, अशी तक्रार त्या काळी सर्वत्र ऐकू येई. शिकणारा हात कामाला जुंपलेला राहिला, तर शिक्षण व कष्ट यांच्यातील ही फारकत टळेल, असे भाऊरावांचे मत होते. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद याच विचारातून आले.

महाविद्यालये आणि उच्च शिक्षण

जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य मिळण्याच्या उंबरठ्यावर, सातारा येथे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका ही पद्धत येथे महाविद्यालयीन पातळीवर राबविण्यात आली. तोपर्यंत साताऱ्याच्या मुलाला पदवीसाठी पुणे, सांगली, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये सातारा येथे मौलाना आझाद यांच्या नावाने शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. माध्यमिक शाळांची संख्या वाढल्यावर त्यांच्यासाठी पदवीधर व प्रशिक्षित शिक्षकांची गरज निर्माण झाली होती. आझाद कॉलेजने ती भागविली.

भाऊरावांच्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पांडुरंग गणपती पाटील यांचे उदाहरण अनेकदा दिले जाते. शाहू बोर्डिंगात वाढलेल्या या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेता यावे, यासाठी भाऊरावांनी प्रयत्न केले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर वकिलीत पैसा मिळविण्याऐवजी त्यांनी संस्थेच्या महाविद्यालयात काम पत्करले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढील काळातील शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांनीही साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात अध्यापन केले आणि नंतर अनेक वर्षे संस्थेचे चेअरमनपद सांभाळले.

मुलींचे शिक्षण

संस्थेच्या आरंभीच्या वसतिगृहांत प्रामुख्याने मुलगे होते. मुलींना घराबाहेर ठेवण्यास पालक सहसा तयार नसत. १९४० च्या दशकात सातारा येथे जिजामातेच्या नावाने स्त्रियांसाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले. मुलींच्या शाळेचा प्रश्न शिक्षिकांच्या उपलब्धतेशी जोडलेला आहे, हे ओळखून येथेही प्रथम शिक्षिका घडविण्यावर भर देण्यात आला. लक्ष्मीबाईंच्या नावाने मुलींचे वसतिगृहही पुढे उभे राहिले. तथापि मुलांच्या तुलनेत हे काम उशिरा सुरू झाले आणि प्रारंभी त्याचा विस्तार मर्यादित राहिला.

अनुदानबंदीचा काळ

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी जाहीर केला. याच काळात त्यांच्या एका भाषणातील टीकेमुळे मुंबई सरकार नाराज झाले आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. संस्थेच्या इतिहासातील हा अतिशय बिकट काळ होता. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो विद्यार्थ्यांचे जेवण पणाला लागले होते. शिक्षकांनी अपुऱ्या पगारावर काम चालू ठेवले, गावकऱ्यांनी धान्य व पैसा दिला आणि वसतिगृहे बंद पडली नाहीत.

संत गाडगे महाराज हे भाऊरावांच्या कार्याचे निष्ठावंत पाठीराखे होते. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेसाठी शब्द टाकला. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. शाळेत न गेलेल्या, पण आयुष्यभर कीर्तनातून शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या गाडगे महाराजांचे नाव कराडच्या महाविद्यालयाला त्यांच्या हयातीतच देण्यात आले. या प्रसंगातून संस्थेने दोन गोष्टी अनुभवल्या. शासनाच्या साहाय्याविना एवढा विस्तार पेलणे कठीण होते. आणि लोकांचा आधार नसता, तर ते साहाय्य परत मिळेपर्यंत संस्था तग धरू शकली नसती.

व्यक्तिमत्त्व

उंच, धिप्पाड देहयष्टी, पांढरी शुभ्र दाढी, खादीचा साधा पोशाख, हातात काठी आणि अनवाणी पाय, असे भाऊरावांचे रूप महाराष्ट्राला परिचित होते. ते स्वभावाने तापट होते आणि शिस्तीच्या बाबतीत कठोर होते. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागविणारा पालक अशीही त्यांची ओळख विद्यार्थ्यांच्या आठवणींतून दिसते. संस्थेतून त्यांनी व्यक्तिगत संपत्ती उभी केली नाही. राजकारणातील सर्व विचारांच्या लोकांशी त्यांचे संबंध होते. मात्र निवडणुकीच्या राजकारणापासून ते दूर राहिले.

मूल्यमापन

शाहू महाराजांच्या प्रयत्नांमागे संस्थानची सत्ता आणि खजिना होता. भाऊरावांजवळ यांपैकी काहीही नव्हते. राजाश्रयातून सुरू झालेली वसतिगृहाची कल्पना त्यांनी लोकाश्रयावर उभी केली, हे त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. विद्यार्थ्याला एका इयत्तेपुरती मदत न करता वसतिगृहापासून नोकरीपर्यंत सोबत करणे आणि त्याच्याकडून पुढच्या पिढीसाठी श्रमाची अपेक्षा ठेवणे, ही त्यांच्या पद्धतीची दोन अंगे होती. पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण समाजातून शिक्षक, अधिकारी, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते आणि लोकप्रतिनिधी यांची जी पिढी पुढे आली, तिच्या घडणीत रयत शिक्षण संस्थेचा वाटा सर्वमान्य आहे.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. एकशिक्षकी शाळांत सर्व इयत्तांकडे सारखे लक्ष देणे शक्य नव्हते. अंगमेहनत आणि अभ्यास यांचा मेळ प्रत्येक विद्यार्थ्याला साधता येत असे, असे नाही. संस्थेचा पहिला विस्तार भाऊरावांच्या वैयक्तिक प्रभावावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. वाढत्या शाळांबरोबर सरकारी अनुदानाचे प्रमाण वाढले, तसा विद्यार्थ्यांच्या श्रमांचा अर्थव्यवहारातील वाटा घटला आणि कमवा आणि शिका ही सर्वांसाठी असलेली जीवनपद्धती हळूहळू काही गरजू विद्यार्थ्यांची योजना बनली.

सन्मान आणि निधन

भारत सरकारने १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी प्रदान केली. मॅट्रिक न झालेल्या या शिक्षणमहर्षीला मिळालेली ही पहिली विद्यापीठीय पदवी होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सातारा येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या निधनापर्यंत संस्थेने ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ अध्यापन विद्यालये, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये उभारली होती. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या गौरवार्थ तिकीट प्रसिद्ध केले.

वारसा

रयत शिक्षण संस्थेचा विस्तार भाऊरावांच्या पश्चातही चालू राहिला. आज महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत आणि कर्नाटकातील बेळगाव भागात तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. ग्रामीण भागासाठी जन्मलेली ही संस्था औद्योगिक पट्ट्यातही पोहोचली. पनवेल येथील महात्मा फुले महाविद्यालय आणि नवी मुंबईतील वाशी येथील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय ही त्याची उदाहरणे होत. गाव सोडून कामासाठी मुंबई परिसरात आलेल्या कुटुंबांतील मुलांना या महाविद्यालयांचा लाभ झाला. सातारा येथे त्यांच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन करण्यात आले आहे.

कमवा आणि शिका ही योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ यांसह राज्यातील अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, उद्यान अशा ठिकाणी काही तास काम करून मिळणाऱ्या मानधनावर आजही अनेक विद्यार्थी आपला शिक्षणाचा खर्च भागवितात. दरवर्षी २२ सप्टेंबर रोजी संस्थेच्या शाखांत कर्मवीर जयंती साजरी होते.